मशीन ऑपरेटर, रोबो आणि एआय : नवीन माणसाने काय शिकावं, कोणत्या क्रमाने

सीएनसी (संगणकाने चालणारं) लेथ, मिलिंग सेंटर, प्रेस किंवा मोल्डिंग मशीनवर नुकतेच लागला असाल, तर "थोड्या दिवसांनी इथे रोबो येणार" हे पहिल्या आठवड्यातच कानावर आलं असेल. येऊही शकतो. आल्यावर तो शिफ्टमधली ठरावीक कामं घेतो आणि उरलेली कामं आधीपेक्षा कमी माणसांत वाटली जातात. त्या कमी माणसांत आपलं नाव असावं म्हणून काय शिकायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं बहुतेक लेथची आहेत; प्रेसवाल्यांनी, मोल्डिंगवाल्यांनी ती आपल्या मशीनला लावून बघावीत.

पायरी १ : आपली शिफ्ट सेकंदांत मोजा

पाच दिवस खिशात छोटी वही ठेवा. जॉब (मशीनवर बनणारा भाग) लावणं-काढणं, हवा मारणं, बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढणं, मोजणं, ऑफसेट (टूलच्या जागेतली बारीक दुरुस्ती) देणं, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) बदलणं, चिप्स (कापून निघालेला कीस) ओढणं, अलार्म काढणं, रिपोर्ट भरणं, नुसतं उभं राहणं, असे कप्पे करा आणि प्रत्येकाला किती वेळ गेला ते लिहा. अंदाजाने लिहू नका, घड्याळ लावा. अंदाजात मोजण्याचा वेळ नेहमी फुगतो आणि उभं राहण्याचा आटतो.

समजा जेवण-चहाच्या सुट्ट्या वजा जाता ४५० मिनिटं हातात आहेत आणि तीन मिनिटांना एक, म्हणजे १५० जॉब निघतात. एका जॉबला लोडिंग-अनलोडिंग २५ सेकंद, म्हणजे शिफ्टला साधारण ६२ मिनिटं. बर काढायला ३० सेकंद, म्हणजे ७५ मिनिटं. दर पाचवा जॉब मोजायला ४० सेकंद, म्हणजे २० मिनिटं. चार वेळा इन्सर्ट बदलले, आणखी २० मिनिटं. बेरीज १७७. बाकीची २७३ मिनिटं मशीन काम करतंय आणि माणूस बघतोय. व्यवस्थापनाच्या डोळ्यांत ही २७३ मिनिटंच खुपतात. त्यामुळे रोबो यायच्या आधीच एका माणसाकडे दोन-तीन मशीन दिली जातात. तीही या बदलाची सुरुवातच असते, फक्त तिला कुणी ऑटोमेशन म्हणत नाही.

नोकऱ्यांबद्दलचे मोठमोठे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, तेही या वहीतून कळतं. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बॉर्न यांनी २०१३ साली अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या मोठ्या धोक्यात असल्याचा अंदाज मांडला. २०१६ साली ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात त्याच देशाचा आकडा ९ टक्के निघाला. पहिल्यांनी अख्खा व्यवसाय एका मापात तोलला, दुसऱ्यांनी त्या व्यवसायातली माणसं दिवसभरात प्रत्यक्ष काय-काय करतात ते सुटं करून पाहिलं. तुमची वही दुसऱ्या पद्धतीची आहे.

पायरी २ : यातलं काय आधी जाणार ते ओळखा

पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डाय कास्टिंगमधून निघालेले तापलेले भाग उचलायचं काम त्याला दिलं होतं. गरम, जड, एकसुरी, आणि जॉब दर वेळी त्याच जागी त्याच तोंडाने येतो असं काम आधी जातं. हा नियम अजूनही बराचसा टिकून आहे.

आपल्या मशीनला तीन प्रश्न लावा.

पहिला, बॅच केवढी? ग्रिपरचे (रोबोच्या पकडणाऱ्या पंजाचे) जॉ, ट्रे आणि रोबोचा प्रोग्राम बदलायला ४५ मिनिटं लागत असतील आणि बॅच ३० जॉबची असेल, तर तीन मिनिटांच्या सायकलला ९० मिनिटं चालवण्यासाठी पाऊण तास सेटिंग पडतं. परवडत नाही. तीच बॅच ३००० ची असेल तर सलग १५० तास चालते, आणि तिथे रोबो येणारच. पटकन बदलता येणारे जॉ आणि कॅमेऱ्याने जॉब शोधणारे रोबो यांमुळे ही सीमा लहान बॅचकडे सरकते आहे, हेही धरून चला.

दुसरा, जॉब पकडता येतो का? लवचीक पाइप, पातळ पत्रा, एकमेकांत अडकलेले कास्टिंग हे रोबोला अजून जड जातं. वजनाचा हिशेबही नीट करा. १० किलो क्षमतेचा रोबो म्हणजे १० किलोचा जॉब नव्हे. दोन बाजूंचा ग्रिपर (एकीकडे कच्चा जॉब, दुसरीकडे तयार) ४ किलो, कच्चा जॉब ३.८, तयार जॉब २.९, झाले १०.७. रोबो बाद. खरेदीच्या वेळी ही बेरीज चुकली की पुढची अनेक वर्षं सेल (रोबो आणि मशीन यांची जोडी) कमी वेगाने चालवत बसावं लागतं.

तिसरा, दर वेळी निर्णय लागतो का? साइज हलते आहे, आवाज बदलला, मटेरियलची नवी लॉट कडक आहे, अशा वेळी जे ठरवलं जातं ते सगळ्यात शेवटी जातं. पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यासाठीच आहेत.

पायरी ३ : मोजायला आणि ऑफसेट द्यायला पक्के व्हा

नवीन माणसाला सुरुवातीला लोडिंगवर ठेवतात आणि ऑफसेट सेटर (मशीन लावून देणारा) देतो. तिथेच अडकून राहू नका. लोडिंग रोबोचं होणार आहे.

उदाहरण घ्या. ३० मिमी शाफ्ट, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) छोट्या एच ७ प्रकारचा, म्हणजे ३०.००० ते २९.९७९. एकूण जागा २१ मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग). दर पाचव्या जॉबचं माप येतंय २९.९८५, २९.९८८, २९.९९१, २९.९९४. इन्सर्ट घासतो तसा बाहेरचा व्यास वाढत जातो, म्हणून ही चढण. नवखा माणूस "अजून ओके आहे" म्हणून थांबतो आणि ३०.००१ आल्यावर धावतो. तोवर मागचे चार न मोजलेले जॉब संशयात पडलेले असतात. २९.९९६ च्या आसपासच वेअर ऑफसेटमध्ये (झिजेच्या दुरुस्तीत) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे ०.०१२ द्या, साइज २९.९८४ ला येईल. मधोमध न आणता थोडी खाली आणायची, कारण चढण पुढेही चालूच राहणार आहे. कंट्रोल (मशीनचा संगणक) व्यासाने चालतो की त्रिज्येने, हे आधी विचारून घ्या. बहुतेक लेथवर व्यासाने असतो. इथे चूक झाली तर दुरुस्ती दुप्पट होते किंवा निम्मी.

दोन मापांत अचानक १५ मायक्रॉनचा फरक आला तर लगेच ऑफसेटला हात लावू नका. आधी जॉब पुसा, मायक्रोमीटरचे अ‍ॅन्व्हिल पुसा, पुन्हा मोजा. मग जॉब गरम आहे का बघा. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. ३० मिमीचा स्टीलचा शाफ्ट त्याहून २० अंश गरम असला तर साधारण ७ मायक्रॉन मोठा दिसतो. तुमच्या टॉलरन्सचा एक तृतीयांश उष्णतेतच गेला! मशीनमधून काढताच मोजून ऑफसेट दिला की थंड झालेला जॉब अंडरसाइज निघतो, आणि रिजेक्शन पुढच्या शिफ्टच्या नावावर चढतं.

हे काम आपोआप करणारी यंत्रणाही असते: गेज जॉब मोजतो आणि कंट्रोलला ऑफसेट पाठवतो. तिचा नेहमीचा घोळ असा, की गेजच्या टोकाखाली चिप अडकते, व्यास मोठा वाचला जातो आणि यंत्रणा टूल आत ढकलते. म्हणून एका वेळी किती दुरुस्ती द्यायची याला मर्यादा घालतात, समजा ०.०२ मिमी. त्यापेक्षा जास्त मागितली तर मशीन थांबलं पाहिजे. आपल्या मशीनवर ही मर्यादा किती आहे आणि ती कोण बदलू शकतो, हे माहीत असलेल्या माणसाला सहसा कुणी लोडिंगवर परत पाठवत नाही.

पायरी ४ : थांबलेला सेल सुरू करायला शिका

रोबो व्यवस्थित चालू असताना ऑपरेटर कुणाला आठवत नाही. आर्म मशीनच्या आत, दार अर्धं उघडं आणि लाल दिवा लागला की सगळे त्याला शोधतात. सेलवरच्या माणसाची खरी किंमत तिथे ठरते.

आधी टीच पेंडंटची, म्हणजे रोबो हाताने चालवायच्या रिमोटची, ओळख. मॅन्युअल टी-१ मोडमध्ये रोबोचा वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही. मागच्या बाजूच्या बटणाला तीन अवस्था असतात: सोडलं की थांबतो, मधोमध धरलं की चालतो, घाबरून घट्ट दाबलं तरी थांबतो. हे बटण टेप लावून दाबून ठेवलेलं कुठे दिसलं, तर त्या सेलमध्ये पाय टाकू नका.

सेल अडकला की या क्रमाने जा:

१. रोबो आणि मशीन, दोन्हींचे अलार्म वाचा आणि वेळ बघा. सगळ्यात आधी आलेला अलार्म मूळ कारणाजवळ असतो, बाकीचे त्याची पिलावळ.

२. मोड टी-१ ला आणा, वेग १० टक्के करा.

३. डोळ्यांनी बघा. चकमध्ये (जॉब धरणाऱ्या मशीनच्या पकडीत) जॉब आहे का? ग्रिपरच्या दोन्ही बाजूंना काय आहे? जॉब चक आणि ग्रिपर दोघांनी एकदम धरलाय का? तसं असेल तर आर्म हलवू नका, आधी कोणी सोडायचं ते ठरवा. दोघांनीही सोडला तर जॉब खाली पडेल.

४. आर्म आत गेला त्याच वाटेने सरळ मागे काढा, टूल कोऑर्डिनेटमध्ये (ग्रिपरच्या दिशेने). मशीनच्या आत जॉइंटने (एकेक सांधा सुटा) हलवायला गेलात तर एक सांधा फिरतो आणि कोपर टरेटला (टूल बसवलेल्या फिरत्या डोक्याला) भिडतं. नवख्यांच्या हातून होणाऱ्या धडकांत ही चूक वरचेवर दिसते.

५. बाहेर आला की होम पोझिशनला (ठरलेल्या सुरुवातीच्या जागी) न्या.

६. आता रोबोच्या डोक्यातलं आणि प्रत्यक्षातलं जुळवा. तुम्ही हाताने जॉब काढला, पण प्रोग्रामच्या नोंदीत "चकमध्ये जॉब आहे" हेच राहिलं, तर पुढच्या सायकलला तो रिकाम्या चकमधून जॉब काढायला जाईल. उलट झालं तर भरलेल्या चकमध्ये दुसरा जॉब घुसवेल. ही नोंद कोणत्या स्क्रीनवर बदलायची, ते पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या.

७. पहिली सायकल कमी वेगाने, स्टॉप बटणावर हात ठेवून.

आत हात घालायचा असेल तर लॉकआउट, म्हणजे कुलूप लावून मशीन बंद ठेवणं. मशीन थांबवा, मेन बंद करा, आपलं कुलूप लावा, टॅग लावा, हवेचा आणि हायड्रॉलिकचा दाब सोडा, वर अडकलेला अ‍ॅक्सिस टेकवा, आणि शेवटी स्टार्ट दाबून खरंच काही हलत नाही ना ते तपासा. वीज बंद असली तरी सिलिंडरमधली हवा बोट चेचते.

माणसाच्या शेजारी कुंपणाशिवाय चालणाऱ्या कोबॉटबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. आर्म अंगाला लागला की थांबतो, हे खरं. पण ग्रिपरमध्ये धारदार बर असलेला जॉब असेल तर थांबण्याआधीच तो कापतो. जोखीम जॉब आणि ग्रिपर धरून मोजायची असते, एकट्या आर्मची नव्हे.

आणखी एक. लिझॅन बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ सालीच लिहून ठेवलंय, की यंत्रणा जितकी आपोआप चालते तितका माणसाचा हात सुटतो, आणि अडचण आली की नेमकं त्याच हाताला बोलावलं जातं. म्हणून परवानगी असेल तर आठवड्यातून काही जॉब हाताने लोड करा, हाताने मोजा. सवय मोडू देऊ नका.

पायरी ५ : सेन्सरची भाषा

सेल थांबण्याची बरीच कारणं फुटकळ निघतात: चिप, तेल, सैल केबल. बहुतेक सेन्सरवर बारीक दिवा असतो आणि पीएलसीवर (सगळे सिग्नल घेऊन सेल चालवणाऱ्या संगणकावर) त्याच इनपुटचा दुसरा. दोन्ही बघा. सेन्सरचा लागलाय पण पीएलसीचा नाही, तर वायर किंवा कनेक्टर. जॉब समोर असून सेन्सरचाच लागत नाही, तर अंतर वाढलंय किंवा सेन्सर मार खाल्लेला आहे. जॉब नसतानाही लागलाय, तर तोंडावर चिप बसली आहे. एवढं सांगून मेंटेनन्सला बोलावलंत तर त्यांचा अर्धा वेळ वाचतो. नेहमीच्या तीन वायरींच्या सेन्सरमध्ये तपकिरी म्हणजे अधिक २४ व्होल्ट, निळी शून्य आणि काळी सिग्नल. पॅनल मात्र स्वतः उघडू नका.

स्टीलच्या जॉबवर नीट चालणारा सेल अ‍ॅल्युमिनियमचा जॉब आल्यावर "जॉब नाही" म्हणत थांबू लागतो. साध्या इंडक्टिव्ह (न शिवता धातू ओळखणाऱ्या) सेन्सरला स्टील २ मिमीवरून दिसत असेल, तर अ‍ॅल्युमिनियम जेमतेम १ मिमीच्या आत दिसतं. सेन्सर बिघडलेला नसतो, जवळ आणावा लागतो.

लेथ सेलमध्ये लांब, न तुटणाऱ्या चिप्स हा मोठा शत्रू. माणूस हुकाने ओढून काढतो, रोबोला त्या दिसतच नाहीत. त्या जॉबभोवती गुंडाळल्या जातात आणि पुढचा जॉब चकमध्ये वाकडा बसतो. रोबो लावण्याआधी चिप ब्रेकर, फीड आणि कूलंटची धार नीट लावून चिप तुटते आहे ना, ते पाहावं लागतं. हे ज्ञान ऑपरेटरकडे असतं आणि सेल बसवणाऱ्यांकडे बहुधा नसतं. मीटिंगला बोलावलं नाही तरी सांगून ठेवा.

पायरी ६ : कॅमेऱ्याच्या तपासणीसोबत काम

एआयचा कॅमेरा आला की दोन टोकांची माणसं दिसतात. एक म्हणतात तो सगळं पकडतो, दुसरे म्हणतात चांगलेच जॉब फेकतो. गणित करून बघा. १०,००० जॉब, त्यांत अर्धा टक्का, म्हणजे ५० खराब. कॅमेरा खराबांतले ९८ टक्के पकडतो: ४९ सापडले, एक निसटला. चांगल्या ९,९५० पैकी २ टक्के चुकून फेकतो, ते झाले १९९. रिजेक्ट पेटीत २४८ जॉब, आणि त्यांतले दर पाचांत चार चांगले! कॅमेरा वाईट नाही, पण पेटी पुन्हा तपासणारा माणूस लागतो. वैतागून त्याने "संवेदनशीलता कमी करा" म्हटलं की चुकीचं फेकणं घटतं आणि निसटणारे वाढतात.

शिफ्टच्या सुरुवातीला ओळखीचे पाच चांगले आणि पाच खराब नमुने कॅमेऱ्याखालून घाला. एकाचाही निकाल चुकला तर आधी लेन्स पुसा, दिवा तपासा, जॉबवर तेलाचा थर आहे का बघा, मगच सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. नव्या लॉटचा पृष्ठभाग जास्त चकाकत असला तरी एकाएकी रिजेक्ट वाढतात, कारण तशी चकाकी कॅमेऱ्यामागच्या एआय मॉडेलने शिकताना पाहिलेली नसते.

फोटोंवर "चांगला", "खराब" अशा खुणा करायचं काम मिळालं तर नाकारू नका, कंटाळवाणं असलं तरी. कोणता ओरखडा चालतो आणि कोणता नाही, हे तिथे ठरतं. एका शिफ्टने ओके म्हटलेला ओरखडा दुसऱ्या शिफ्टने रिजेक्ट केला असेल तर मॉडेल गोंधळच शिकतं. खुणा करण्याआधी सीमेवरचे नमुने समोर ठेवून सगळ्यांचं एकमत करून घ्या.

पायरी ७ : स्क्रीनवरचे आकडे

ओईई (मशीनच्या खऱ्या वापराचं माप) म्हणजे उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. ९० टक्के, ९५ टक्के, ९८ टक्के, तिन्ही झकास वाटतात. गुणाकार साधारण ८४ येतो. थांबण्याचं कारण निवडायला सांगतात तेव्हा "इतर" दाबायची सवय लावू नका. तीन-तीन मिनिटांचे बारा थांबे म्हणजे ३६ मिनिटं, ४८० मिनिटांच्या शिफ्टचे साडेसात टक्के. "इतर" लिहिलं तर ते ऑपरेटरच्या माथी जातात, "चिपमुळे सेन्सर" लिहिलं तर कुणीतरी एअर ब्लो बसवतं.

स्पिंडलच्या कंपनावरून बेअरिंग जाणार असल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणाही असतात. त्या एका ठरावीक जॉबच्या सवयीवर शिकलेल्या असल्या तर नवा जॉब लावताच ओरडू लागतात. इशारा आला की कोणता जॉब, कोणतं टूल, किती आरपीएम, तेवढं लिहून ठेवा.

पायरी ८ : चॅटबॉटला विचारताना

अलार्मचा अर्थ समजून घ्यायला, प्रोग्राम वाचायला शिकायला हे साधन उत्तम. न कंटाळता दहा वेळा समजावतं. पण कोणत्या कंट्रोलबद्दल बोलतोय हे ते विसरतं, आणि चुकीचं उत्तरही तेवढ्याच आत्मविश्वासाने देतं. मिलिंगवर प्रोग्राममधला जी ९० हा कोड म्हणजे एकाच शून्यापासूनची, अ‍ॅब्सोल्यूट मापं. फॅनुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या लेथवर ए प्रकारच्या कोडमध्ये तोच जी ९० टर्निंगची सायकल आहे. बरेचसे एम कोड मशीन बनवणारा स्वतः ठरवतो, ते पुस्तिकेतच पाहावेत. दशांश चिन्हही तपासा: काही कंट्रोल "एक्स ५०" बिंदूशिवाय लिहिलं तर ०.०५० मिमी समजतात.

तिथून आलेली एकही ओळ थेट चालवू नका. आधी ग्राफिकवर, मग जॉब न लावता, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड (न कापतानाचा वेग) २५ टक्क्यांवर, आणि नजर "किती अंतर उरलं" या आकड्यावर. कंपनीचं ड्रॉइंग किंवा ग्राहकाचं नाव बाहेरच्या चॅटबॉटला देऊ नका. त्यासाठी नोकरी जाऊ शकते, आणि त्यात रोबोचा काही दोष नसेल.

पायरी ९ : सेल येणार हे कळलं की

बसवायला आलेली माणसं असतात तेव्हाच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, ती गेल्यावर पुस्तिका उरते. चाचणीच्या दिवसांत तिथे उभं राहायची परवानगी मागा. सुपरवायझरला हे विचारा: प्रशिक्षण कुणाला आणि किती दिवस? नवा जॉब आला की रोबोचे पॉइंट कोण शिकवणार, आपण की बाहेरचा माणूस? प्रोग्रामचा बॅकअप कुठे ठेवलाय? एका माणसाकडे किती सेल असतील, आणि दोन एकदम थांबले तर आधी कोणता बघायचा? कामाचं नाव आणि पगाराची श्रेणी बदलणार की जबाबदारीच वाढणार? उत्तरं तोंडी मिळाली तरी तारखेसह वहीत टिपा.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरी यादी सुरू करा: कोणता कंट्रोल, कोणता रोबो, कोणते अलार्म स्वतः सोडवले, कोणत्या जॉबचं सेटिंग एकट्याने केलं, पहिला जॉब पास व्हायला किती वेळ लागला. बढतीच्या वेळी किंवा दुसरीकडे मुलाखतीला "मी सीएनसी चालवतो" म्हणण्यापेक्षा या ओळी वाचून दाखवा. आणि एक प्रश्न न विसरता विचारा: रात्री दोन वाजता सेल थांबला तर फोन कुणाला करायचा? फोन करायच्या यादीत पहिलं नाव बाहेरच्या कंपनीचं असेल, तर दुसरं नाव अजून भरायचं बाकी असतं.